ससा, शेत आणि सत्ता : पीकराखणीच्या हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भारतीय शेतीचा इतिहास मुख्यतः जमीनमहसूल, सिंचन, दुष्काळ आणि कर्जबाजारीपणा या चार अंगांनी लिहिला गेला आहे. ही चारही अंगे महत्त्वाची आहेत, याविषयी दुमत नाही. तथापि शेतकऱ्याच्या जीवनातील एक मोठा कालखंड या मांडणीतून निसटतो. तो म्हणजे त्याची रात्र. बी रुजल्यापासून धान्य घरात येईपर्यंतच्या काळात पिकाची राखण करण्यात शेतकऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या असंख्य रात्री खर्ची पडतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडणारा ससा, ज्वारीत शिरणारा हरणांचा कळप, भुईमूग उकरणारे रानडुक्कर, बागेतील कंदमुळे फस्त करणारे साळिंदर यांच्याविरुद्ध चाललेली ही झुंज महसुलाच्या दप्तरात क्वचितच नोंदली जाते. जे दप्तरात नाही ते इतिहासातही येत नाही, असा हा प्रकार आहे.

प्रस्तुत निबंधात पीकराखणीच्या तंत्रांपेक्षा तिच्या हक्काचा विचार प्रामुख्याने केला आहे. पिकावर आलेल्या वन्य प्राण्याला अडवण्याचा, हाकलण्याचा आणि प्रसंगी मारण्याचा अधिकार कोणाचा? कुंपणाचा खर्च कोणी सोसायचा? आणि मुळात तो प्राणी कोणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या राजवटींनी निरनिराळी दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेतल्यास शेतकरी आणि सत्ता यांच्या संबंधांवर वेगळा प्रकाश पडतो. विवेचनाचा मुख्य भर पश्चिम भारतावर असून इंग्लंड व फ्रान्स येथील घडामोडी तुलनेसाठी घेतल्या आहेत.

उपद्रवाचे स्वरूप

राखणीचा इतिहास समजून घेण्यासाठी प्राण्यांच्या सवयींची किमान माहिती आवश्यक ठरते. भारतीय द्वीपकल्पात सर्वत्र आढळणारा ससा हा काळ्या मानेचा ससा होय. युरोपातील ज्या प्राण्याला इंग्रज ‘रॅबिट’ म्हणतात, तो बिळे खोदून वसाहतीने राहतो. आपल्याकडील ससा बीळ खोदत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या आकाराची खळगी करून तो दिवसभर दबून बसतो आणि अंधार पडल्यावर चरावयास निघतो. मराठीत दोघांनाही ‘ससा’ हा एकच शब्द असल्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. रॅबिट अडवण्यासाठी जाळी जमिनीत पुरावी लागते. भारतीय सशासाठी जमिनीलगतची भोके बुजवणे पुरते.

नुकसान कोणी केले हे जाणकार शेतकरी खुडलेल्या शेंड्यावरून ओळखतो. सशाचे वरचे व खालचे पुढचे दात धारदार असल्याने तो रोप सुरीने कापल्यासारखे तिरके कापतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाला ओढून तोडते आणि कड फाटकी राहते. रानडुक्कर खाते त्याहून अधिक तुडवते व उकरते. हरणासाठी उंच कुंपण लागते, डुकरासाठी मजबूत लागते आणि सशासाठी दाट लागते. उंच, मजबूत आणि दाट हे तिन्ही गुण एकाच कुंपणात आणणे खर्चाचे असते. म्हणूनच कुंपणाचा प्रश्न सर्व काळी अर्थकारणाचा प्रश्न राहिला आहे.

प्राचीन वाङ्मयातील साक्ष

प्राचीन भारतीय वाङ्मयात या झुंजीचे पडसाद विपुल आहेत. जातककथांपैकी लक्खण जातकात मगध देशातील शेते पिकाने भरली की माणसे खड्डे खणतात, अणकुचीदार खुंट रोवतात, दगडी सापळे आणि फास लावतात, आणि म्हणून त्या दिवसांत हरणांचे कळप डोंगराकडे निघून जातात, असे वर्णन येते. हितोपदेशातील हरीण, कावळा आणि कोल्हा यांच्या कथेत रोज पीक खाणाऱ्या हरणासाठी शेताचा मालक फास मांडतो. वाघाचे कातडे पांघरून दुसऱ्याच्या शेतात चरणाऱ्या गाढवाची कथा सर्वपरिचित आहे. या कथांचा हेतू नीतिबोधाचा असला, तरी शेतात राखणदार असतो, तो सापळे लावतो आणि पीक खाणाऱ्या प्राण्यास मारतो, ही गोष्ट त्यांत गृहीतच धरलेली आहे. श्रोत्यांना त्यात नवल वाटत नव्हते, हेच इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे होय.

राखणीत स्त्रियांचा वाटा मोठा होता. कालिदासाच्या रघुवंशात उसाच्या सावलीत बसून भाताची राखण करणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत शेताची राखण हा प्रेमप्रसंगांचा नेहमीचा परिसर आहे. तमिळ संघकाव्यात डोंगरउतारावरील तृणधान्याची राखण करणाऱ्या तरुणी येतात. मुरुगन देवाची पत्नी वल्ली हीदेखील मूळची अशी राखणदारीणच. काव्यातील रम्यता बाजूस सारली, तर घरातील तरुण मुली व स्त्रिया यांचे श्रम पीकराखणीत गुंतलेले होते, हा सामाजिक तपशील उरतो.

धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनी हा विषय व्यवहाराच्या पातळीवर हाताळला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचे गायरान मोकळे सोडावे असे सांगितले आहे. त्याला लागून असलेल्या शेताला कुंपण नसेल आणि जनावरांनी पीक खाल्ले, तर गुराख्याला दंड करू नये असा नियम आहे. कुंपण कसे असावे, याचेही माप दिले आहे. उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके ते उंच असावे आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजवलेले असावे. गायरानालगत कुंपणाची जबाबदारी शेतमालकाची, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. याज्ञवल्क्य स्मृतीतही गायरानाची तरतूद आहे, आणि त्या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेल्यामुळे दख्खनच्या विधिपरंपरेत तिला विशेष स्थान मिळाले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन परस्परविरोधी चित्रे शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे शिकारी आणि कुत्री बाळगणारे लोक यांनी चोर व हिंस्र प्राणी यांपासून निर्भय केलेल्या रानातच गुरे चारावीत, असे सांगितले आहे. दुसरीकडे राजाच्या विहारासाठी राखलेल्या मृगवनाचे वर्णन आहे. त्याला एकच दार असावे, भोवती खंदक असावा आणि आतील हिंस्र जनावरांच्या नख्या व दात काढलेले असावेत. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. राजाला प्राणी राखायचे होते, तर त्यांच्याभोवती खंदक खणण्याची जबाबदारी राजाची होती. राजाचा प्राणी प्रजेच्या शेतात शिरू नये, ही अपेक्षा किमान ग्रंथात तरी अभिप्रेत होती. पुढील काळात नेमकी हीच अपेक्षा गळून पडली.

गावगाड्यातील राखण

महाराष्ट्रातील गावगाड्यात राखणीची दुहेरी व्यवस्था होती. गावाच्या शिवेची व मालमत्तेची राखण वतनदार व बलुतेदार यांच्याकडे असे. महार, रामोशी, जागल्या यांना त्याबद्दल धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. प्रत्यक्ष पिकाची रात्रीची राखण मात्र ज्याची त्याने करावयाची. त्यासाठी शेतात चार खांबांवर माळा उभारला जाई. पाखरांसाठी गोफण, जनावरांसाठी आरोळी, डबे, शेकोटी आणि कुत्री ही साधने. बुजगावणे हे दिवसाचे सोबती.

कुंपणाचे प्रकार प्रदेशानुसार बदलत. देशावर बाभळीच्या व बोरीच्या काट्या बांधावर रचल्या जात. निवडुंग, शेर, घायपात यांची जिवंत कुंपणे लावली जात. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा आणि काट्याकुट्यांची वई ही रूढ पद्धत. गडगा एकदा रचला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. काटेरी कुंपण मात्र वर्षावर्षाला नवे करावे लागते. त्यासाठी लागणारी काटी, खांब व वेली गावच्या रानातून विनामूल्य मिळत. गावच्या रानावरील हक्क आणि पिकाचे रक्षण यांचे नाते येथे जोडले जाते. रान गेले की केवळ सरपण आणि चराई जात नाही, कुंपणही जाते.

या व्यवस्थेचा तिसरा घटक म्हणजे शिकारीवर जगणारे समाज. फासेपारधी हे नावच हरणांसाठी लावल्या जाणाऱ्या फाशांवरून आलेले आहे. ससे, हरणे, तितर यांची शिकार करून हे लोक उपजीविका करीत. पिकांच्या हंगामात त्यांचे येणे शेतकऱ्याला उपकारक ठरत असे. अर्थात हे संबंध नेहमीच सलोख्याचे होते असे मानण्याचे कारण नाही. गावगाड्याने या समाजांना बाहेरचेच मानले. तरीही उपद्रवी प्राण्यांवर नियंत्रण ठेवणारी एक स्थानिक यंत्रणा त्यांच्या रूपाने अस्तित्वात होती.

युरोपातील तुलना : सशासाठी झालेला संघर्ष

वसाहतकालीन धोरण समजून घेण्यापूर्वी राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशातील स्थिती पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये १६७१ च्या शिकार कायद्याने शिकारीचा अधिकार वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची मिरासी जमीन असणाऱ्यांपुरता किंवा तत्सम पात्रता असणाऱ्यांपुरता मर्यादित केला. शेत कसणारे बहुसंख्य लोक या पात्रतेत बसत नव्हते. स्वतःच्या शेतातील ससा मारणे हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरला. १७२३ च्या कुप्रसिद्ध काळ्या कायद्याने तोंडाला काळे फासून वा वेश पालटून राखीव रानात शिकार करणाऱ्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली. ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कायद्यामागील वर्गसंबंधांचे सखोल विश्लेषण केले आहे.

फ्रान्समध्ये सरदारांचे शिकारीचे मक्ते, त्यांची उघडी ससेपालनाची राने आणि कबुतरखाने यांविषयीच्या तक्रारी १७८९ च्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द करण्याचा जो निर्णय झाला आणि ज्याला पुढील आठवड्यात हुकुमाचे रूप आले, त्यात शिकारीचा अनन्य हक्क नष्ट करून प्रत्येक मालकाला आपल्या जमिनीवरील शिकारी प्राणी मारण्याची मुभा दिली गेली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्याही काही दिवस आधी फ्रेंच शेतकऱ्याला सशापासून पीक वाचवण्याचा हक्क मिळाला, ही घटना प्रतीकात्मक म्हणावी लागेल.

इंग्लंडमध्ये हा बदल क्रांतीने न होता टप्प्याटप्प्याने झाला. १८३१ च्या कायद्याने जुनी पात्रतेची अट रद्द केली, परंतु जमीनदार भाडेपट्ट्यात शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवीत. परिणामी कूळ खंड भरी, मशागत करी आणि जमीनदाराचे ससे त्याचे पीक खात. जॉन ब्राइट यांच्या पुढाकाराने १८४५-४६ मध्ये संसदीय समितीने या प्रश्नाची चौकशी केली. अखेर ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाने १८८० मध्ये कुळांसाठी कायदा संमत केला. जमीन कसणाऱ्यास तिच्यावरील ससे व रॅबिट मारण्याचा हक्क राहील, हा हक्क वहिवाटीपासून वेगळा करता येणार नाही आणि त्याविरुद्ध केलेला कोणताही करार रद्दबातल समजला जाईल, अशी तरतूद त्यात होती. करार करूनही जो हक्क सोडता येत नाही, असे स्वरूप इंग्लिश कायद्याने पीकराखणीच्या हक्काला दिले.

या कायद्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सशांची संख्या पुढील दशकात इतकी घटली की १८९२ मध्ये ससेसंरक्षणाचा कायदा करून मार्च ते जुलै या विणीच्या काळात सशांच्या विक्रीस बंदी घालावी लागली. तथापि त्या वेळी कुळाचा मूळ हक्क काढून घेतला गेला नाही. निर्बंध आला तो बाजारावर. हक्क आणि संरक्षण यांची सांगड घालण्याचा हा एक मार्ग होता.

वसाहतकालीन दख्खन : १८७८ चे वळण

इंग्लंडमध्ये कुळाला हा हक्क मिळत असतानाच त्याच साम्राज्यातील भारतीय शेतकऱ्याच्या हातून तो निसटत होता. १८७८ हे या दृष्टीने निर्णायक वर्ष ठरते. त्या वर्षी व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास भारतीयांना बंदी केली, तर युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची विभागणी करून गावकऱ्यांचे पारंपरिक वापर सरकारी परवानगीच्या कक्षेत आणले. पहिल्याने शेतकऱ्याचे हत्यार नियंत्रित केले आणि दुसऱ्याने त्याचे कुंपण. त्याआधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर नियंत्रणाची चौकट उभी केलीच होती. पारधी समाजही तिच्या जाळ्यात ओढला गेला. अशा रीतीने एका दशकात राखणीच्या जुन्या व्यवस्थेचे तिन्ही आधार खिळखिळे झाले.

लिटन यांच्यानंतर आलेल्या रिपन यांच्या काळात देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधाचा कायदा मागे घेतला गेला. शस्त्र कायदा मात्र कायम राहिला. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्यात बदल करण्याची मागणी झाली. पिकांच्या रक्षणासाठी स्वतंत्र परवाने देण्याची पद्धत सरकारने ठेवली होती, हे खरे. परंतु हक्काचे रूपांतर मेहेरबानीत झाले होते. अर्ज, चौकशी, शुल्क आणि नूतनीकरण यांच्या चक्रातून परवाना मिळवणे सामान्य रयतेला सोपे नव्हते.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर, दरे व गायराने घशात घातल्यामुळे अल्पभूधारक शेतकऱ्याचा पूरक आधार कसा तुटला, हे प्रखर शब्दांत मांडले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. आयोगापुढील वाद मुख्यतः राब, लाकूड व चराई यांविषयीचे होते. परंतु ज्या रानातून कुंपणाची काटी आणायची तेच रान बंद आणि त्याच रानातून येणारे जनावर मात्र मोकळे, ही विसंगती त्या साऱ्या वादाच्या मुळाशी होती. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण या परिस्थितीला अक्षरशः लागू पडते.

याच काळात आणखी दोन प्रवाह कार्यरत होते. पहिला, मांसाहारी प्राण्यांचा सरकारी बक्षिसांद्वारे झालेला संहार. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या अर्धशतकात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. गुरांच्या व माणसांच्या रक्षणासाठी हे धोरण आखले गेले होते. परंतु ससे आणि हरणे यांच्यावर निसर्गतः अंकुश ठेवणारा लांडगा उघड्या माळरानातून हटवला, तर पिकांवरचा भार वाढणार, हा विचार त्यात नव्हता.

दुसरा प्रवाह म्हणजे खेळासाठी प्राणी राखण्याचा. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा प्रतिष्ठेचा खेळ होता. बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. या खेळाच्या संकेतानुसार डुकराला बंदुकीने मारणे कमीपणाचे समजले जाई. संस्थानिकांनीही ही रीत उचलली. अलवर संस्थानात राखीव रानांतील रानडुकरे पिकांची नासाडी करीत आणि त्यांना मारण्यास शेतकऱ्यांना मनाई होती. १९२१ मध्ये त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि अखेर दरबाराला डुकरे मारण्याची परवानगी द्यावी लागली. मृगवनाभोवती खंदक खणण्याची कौटिल्याची सूचना आणि अलवरच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी यांच्यामध्ये राजधर्माची किती घसरण झाली होती, हे यावरून दिसून येते.

१९१२ ते १९७२ : बचावाच्या तरतुदीचा प्रवास

वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा अखिल भारतीय कायदा १९१२ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत काळवीट, हरणे, गवे इत्यादींबरोबर सशांचाही उल्लेख होता. मात्र त्यात एक महत्त्वाचा अपवाद होता. स्वतःच्या वा इतरांच्या जिवाच्या रक्षणासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी प्राणी मारल्यास हा कायदा लागू होणार नव्हता. उभे पीक ही मालमत्ताच असल्याने शेतकऱ्याचा बचाव कायद्यात शिल्लक होता. ज्याच्याकडे हत्यार नाही त्याला या बचावाचा उपयोग किती, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाई आणि १९४३ नंतरची ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम यांमुळे चित्र पालटले. स्वातंत्र्यानंतर पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने अधिक मोकळेपणाने दिले गेले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली. कोकणातील सिंधुदुर्ग व रत्नागिरी भागांत शेतीसंरक्षक बंदुकांची परंपरा आजही आढळते. निवडणुकीच्या काळात या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत असल्याने ऐन हंगामात पिके उघडी पडतात, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

या मोकळीकीचा गैरवापर झाला, हे नाकारता येणार नाही. पीकसंरक्षणाच्या नावाखाली मांसासाठी व हौसेसाठी बेसुमार शिकार झाली. ई. पी. गी यांच्यासारख्या निसर्गअभ्यासकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. एकेकाळी दख्खनच्या माळावर मोठ्या कळपांनी दिसणारे काळवीट अनेक भागांतून दिसेनासे झाले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. परंतु ऱ्हास थांबला नाही.

या पार्श्वभूमीवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. संरक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान निर्विवाद आहे. तथापि पीकराखणीच्या दृष्टीने त्याने केलेला बदल पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. १९१२ च्या कायद्यात जीवित आणि मालमत्ता या दोहोंचा बचाव स्वयंसिद्ध होता. १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वतःच्या वा इतरांच्या जिवाच्या बचावाचा हक्क राहिला; मालमत्तेच्या बाबतीत मात्र, उभ्या पिकांसह, सक्षम अधिकाऱ्याचा लेखी व सकारण आदेश आवश्यक ठरला. १९१२ मध्ये जो शेतकऱ्याचा निर्णय होता तो १९७२ मध्ये अधिकाऱ्याचा निर्णय झाला. ससा या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला.

वर्तमान पेच

संरक्षणाला यश आले, हे दख्खनच्या माळरानावर दिसते. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य १९८० मध्ये. रेहेकुरीचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत वाढलेला कळप शेजारच्या ज्वारी-हरभऱ्यात जाणार, हे उघडच आहे. म्हणजेच अभयारण्य कागदोपत्री सरकारचे असले, तरी त्यातील प्राण्यांच्या चाऱ्याचा काही भाग भोवतालचे शेतकरी पुरवतात. त्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

सरकारने या प्रश्नाकडे पूर्ण दुर्लक्ष केले असेही नाही. पंचनाम्याच्या आधारे नुकसानभरपाई दिली जाते. पिकांना उपद्रव देणारी रानडुकरे व नीलगायी यांना मारण्याच्या परवानगीची तरतूद वेळोवेळी झाली. २०१६ मध्ये अशा परवानग्यांवरून केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन सदस्यांमध्येच जाहीर मतभेद झाले होते. तथापि पंचनाम्याची भाषा गुंठ्यांची आणि टक्केवारीची असते. परसबागेतील वाफा किंवा नवीन लावलेल्या रोपांची साल सशाने एका रात्रीत कुरतडली, तर ते नुकसान मोजमापाच्या कक्षेत सहसा येत नाही. अल्पभूधारक कुटुंबासाठी मात्र तोच वाफा आठवड्याच्या बाजाराचा आधार असतो.

परवानगीची वाट पाहता न येणारा शेतकरी मग धोकादायक मार्ग पत्करतो. विजेच्या मुख्य वाहिनीवरून कुंपणात बेकायदा प्रवाह सोडण्याचे प्रकार विदर्भात वारंवार उघडकीस आले आहेत. त्यात रानडुकरांबरोबर वाघ, बिबटे आणि माणसेही मृत्युमुखी पडली आहेत. मर्यादित व क्षणिक धक्का देणारे सौर कुंपण हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. पण त्याचा खर्च आणि देखभाल एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही. शिवाय एका शेताला कुंपण झाले की जनावर शेजारच्या शेतात वळते. त्यामुळे ज्याची ऐपत त्याचे पीक वाचते आणि ज्याची ऐपत नाही त्याच्या शेतावर दुप्पट भार पडतो. वैयक्तिक कुंपणाची ही मर्यादा ओळखूनच गावाचे एकत्रित कुंपण हा विचार पुढे आला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, पीकराखणीचा हक्क ही किरकोळ बाब नसून शेतकऱ्याच्या राजकीय स्थानाचे ते एक माप आहे. फ्रान्समध्ये १७८९ साली आणि इंग्लंडमध्ये १८८० साली हा हक्क मिळाला, तो जमीनदारांचे वर्चस्व सैल झाले म्हणून. भारतात १८७८ साली तो आकसला, कारण रयत ही नागरिक नव्हती.

दुसरा, कुंपण आणि सामाईक रान यांचा संबंध अतूट आहे. गावच्या रानावरील हक्क गेल्यानंतर कुंपण ही विकत घेण्याची वस्तू झाली आणि राखणीचा भार गरिबांवर विषम प्रमाणात पडू लागला.

तिसरा, केवळ बंदूक किंवा केवळ बंदी यांपैकी कोणताही एकच उपाय टिकाऊ ठरला नाही. स्वातंत्र्योत्तर दोन दशकांत हक्काला मर्यादा नव्हती, तेव्हा काळविटांचे कळप संपले. त्यानंतर संरक्षणाला वाटेकरी नव्हता, तेव्हा संरक्षणाचा खर्च अभयारण्यालगतच्या शेतकऱ्याच्या माथी आला. इंग्लंडने १८८० व १८९२ च्या कायद्यांतून कसणाऱ्याचा हक्क राखून विणीचा हंगाम जपण्याचा मार्ग काढला. तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु हक्क आणि संरक्षण एकमेकांना छेद देतातच असे नाही, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

वन्य प्राणी ही आज राष्ट्राची संपत्ती मानली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु संपत्ती राष्ट्राची असेल, तर तिच्या चाऱ्याचा आणि कुंपणाचा खर्चही राष्ट्राचाच असला पाहिजे. प्राणी राखणाऱ्या राजाने खंदक खणावा, असे अर्थशास्त्राने सुचवले होते. लोकशाही राज्यात तो खंदक अद्याप शेतकरीच खणतो आहे, आणि रात्री माळ्यावर जागाही तोच राहतो आहे. शेतीच्या इतिहासलेखनाने या जागरणाची दखल घेतल्यास धोरणकर्त्यांनाही ती घ्यावी लागेल.